दुहेरी भूल : मुलांच्या आतड्यांची शस्त्रक्रिया आणि वेदनेचा बंदोबस्त



मुलाला शस्त्रक्रियेसाठी आत नेण्यापूर्वी भूल देणारे डॉक्टर बाहेर येऊन आईबापांशी चार शब्द बोलतात. त्या वेळी त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, पुरी भूल देणार की पाठीतून?" मूल आतड्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आले असेल तर पुष्कळदा उत्तर मिळते, "दोन्ही." हे ऐकले की आईचा चेहरा उतरतो, बापाची संमतिपत्रावरची लेखणी थांबते, आणि बरोबर आलेली आजी स्पष्टच म्हणते, "अहो डॉक्टर, एवढ्याशा जिवाला एक भूल जड, तिथं दोन कशाला देता?"

आजीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका औषधाने भागत असेल तेथे दोन देऊ नयेत, हा वैद्यकाचाही जुना दंडक आहे. शिवाय, सही करणाराला आपण कशाला संमती देत आहोत हे कळलेच पाहिजे. न कळता केलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही. तेव्हा आजच्या तासाभरात आजीच्या या एका प्रश्नाचेच उत्तर शोधावे, असे मी ठरवले आहे.

मुलांचे पोट का उघडावे लागते

प्रथम रोगांची थोडी ओळख करून घेऊ. लहान मुलांच्या आतड्यांचे विकार मोठ्यांच्या विकारांहून बरेच वेगळे असतात. पाच-सहा महिन्यांचे गुटगुटीत मूल एकाएकी कळवळून रडू लागते, पाय पोटाशी ओढून घेते, काही मिनिटांनी शांत होते आणि पुन्हा तीच कळ येते. मग उलट्या सुरू होतात आणि काही तासांनी शौचातून रक्त व आव पडते. हा बहुधा आतड्यात आतडे शिरल्याचा प्रकार असतो. दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी, तसा वरच्या आतड्याचा भाग खालच्या भागात सरकतो, त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि वेळ गेला तर तो भाग मरतो. असे मूल लवकर आणले तर गुदद्वारातून हवा किंवा मिठाचे पाणी बेताच्या दाबाने सोडून शिरलेले आतडे बहुतेक वेळा मागे सारता येते, शस्त्र लावावेच लागत नाही. उशीर झाला की मात्र पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसते. "दृष्ट लागली असेल, सकाळपर्यंत वाट पाहू" या विचारात गेलेली रात्र येथे फार महाग पडते.

दुसरा विकार हिर्शस्प्रुंग या डॅनिश बालरोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. १८८६ साली त्याने याचे स्पष्ट वर्णन केले. आतड्याच्या शेवटच्या भागात ज्या मज्जापेशी असायला हव्यात त्या जन्मतःच नसतात, त्यामुळे तो भाग सैल पडत नाही आणि मळ वर तुंबून राहतो. सुमारे पाच हजार जन्मांत एका मुलाला हा विकार असतो. जन्मतः गुदद्वार न बनलेली मुलेही साधारण त्याच प्रमाणात आढळतात. यांखेरीज आतड्याला पीळ पडणे, आतड्याचा एखादा तुकडा जन्मतः बंद असणे, आंत्रपुच्छाला सूज येऊन ते फुटणे, अशीही कारणे आहेत.

आपल्या भागातली अशी मुले पूर्वी लोकलने दादर गाठून परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात नेली जात. ते रुग्णालय १९२९ साली सुरू झाले आणि आजही मुंबईबाहेरची कितीतरी मुले तेथे येतात. मिरा-भाईंदरची १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाली, वस्ती वाढली, गावातच मोठी रुग्णालयेही उभी राहिली. मूल कोठेही नेले तरी भुलीचा प्रश्न तोच राहतो, म्हणून त्याकडे वळू.

भुलीचा थोडा इतिहास

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रुग्णाला निजवले आणि शल्यविशारदाने त्याच्या मानेवरची गाठ काढली. त्या काळी जहाजावाचून दुसरा मार्ग नव्हता, तरी मार्च १८४७ मध्ये कलकत्त्यास ईथरचा प्रयोग झाला, इतक्या वेगाने ही बातमी पसरली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणले. ते देण्यास सोपे आणि वासाला गोड होते. परंतु तीनच महिन्यांत, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडात पायाच्या बोटाचे नख काढताना हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली. क्लोरोफॉर्मचा नोंदलेला पहिला बळी तो हा. निजवणारे औषध जीवही घेऊ शकते, हा धडा जगाला अशा रीतीने एका मुलीच्या मृत्यूने मिळाला.

हे असे का होते याचा छडा लावण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एडवर्ड लॉरी या शल्यविशारदाच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म कमिशने बसली. रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाई त्याच काळात तेथे क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत; जगातील अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. धोका आहे तो श्वास थांबण्याचा, असे कमिशनने ठरवले. हृदयही एकाएकी बंद पडू शकते, हे पुढे सिद्ध झाले. या वादातून एक गोष्ट मात्र सर्वांना पटली : झोप आणणारे औषध हवे तेवढेच द्यावे, आणि ते कमी करता येईल तेवढे बरे.

इकडे दुसरी वाट निघाली होती. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला. रोगी जागा, पण डोळा मात्र निर्जीव! १८९८ च्या ऑगस्टात जर्मनीत ऑगस्ट बिअर याने हेच औषध पाठीच्या कण्यातील पाण्यात सोडून कमरेखालचे शरीर बधिर केले. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कण्याच्या अगदी तळाशी असलेल्या भोकातून औषध सोडण्याची रीत दाखवली. १९०९-१० च्या सुमारास लंडनच्या टिरेल ग्रेने लहान मुलांना पाठीतून भूल देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. १९३३ साली अमेरिकेत कँपबेलने तळातली रीत मुलांच्या मूत्रविकारांच्या कामी वापरली. म्हणजे मुलांच्या पाठीत सुई देणे ही काल-परवाची टूम नव्हे. तिला शंभर वर्षे उलटून गेली आहेत.

या दोन वाटा बराच काळ समांतर चालल्या. निजवणारे निजवीत, बधिर करणारे बधिर करीत. त्यांना एकत्र आणण्याचा विचार प्रथम जोराने मांडला तो क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल याने, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत. त्याचे म्हणणे असे की, ईथरने रोगी झोपतो, पण सुरी लागलेल्या जागेवरून निघणारे आघात मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातच राहतात आणि शरीर त्यांनी खचते. म्हणून तो रोग्याला हलकी झोप देई आणि सुरी चालवायची ती जागा आधी बधिर करून घेई. त्याच्या उपपत्तीतील काही भाग पुढे टिकला नाही, पण मूळ कल्पना टिकली. आपल्या विषयाचे बीज हेच आहे.

झोपलेल्याला दुखते काय?

आता प्रश्न असा की, झोपलेल्या माणसाला दुखते काय? दुखणे म्हणजे 'मला दुखते' ही जाणीव, असे म्हटले तर गाढ भुलीत ती नसते. परंतु जाणीव नसली तरी शरीराला जखमेची बातमी पोचतच असते. कापताक्षणी नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी संकटकाळचे रस सोडू लागतात. मोठा माणूस हे सोसतो. तीन किलोच्या बालकाजवळ राखीव शक्ती ती केवढी! ती अशी उधळली गेली तर पुढे जखम भरायला आणि रोगजंतूंशी लढायला काय उरणार?

या बाबतीत वैद्यकाच्या हातून एक मोठी चूक झाली आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नवजात बालकाची मज्जासंस्था अपुरी असते, सबब त्याला वेदना होत नाहीत, असा समज विसाव्या शतकात बराच काळ जगभर रूढ होता. त्यामुळे अशा बालकांवर कित्येकदा स्नायू सैल करणारे औषध आणि थोडा हसविणारा वायू एवढ्यावर मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत. स्नायू सैल झालेले मूल हलत नाही, रडत नाही. म्हणून ते शांत आहे असे वाटे.

हा समज मोडण्यात एका भारतीय डॉक्टराचा मोठा वाटा आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी, दिवस न भरता जन्मलेल्या आणि हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधण्यासाठी आणलेल्या बालकांचे दोन गट केले. एका गटाला रूढ पद्धतीची भूल दिली, दुसऱ्याला त्याच भुलीबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिले. पहिल्या गटात संकटकाळच्या रसांचा पूर आलेला दिसला. दुसऱ्या गटात तो पुष्कळच ओसरला आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि बालकांच्या भुलीची दिशा बदलली. झोप आणणे हे एक काम, आणि वेदनेची बातमी थांबवणे हे दुसरे काम, ही गोष्ट तेव्हापासून नाकारता येईनाशी झाली.

भरती आणि बांधाचे दार

आपल्या भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सहज पटेल. आगराचा राखणदार झोपला म्हणून खाडीची भरती थांबत नाही. पाणी आत यायला नको असेल तर बांधाचे दारच लावले पाहिजे. संपूर्ण भूल ही राखणदाराला निजवते. मेंदू निजतो, पण पोटातून वेदनेची भरती मज्जारज्जूवाटे वर चढतच असते. विभागीय भूल ही बांधाचे दार लावते. पोटातून निघालेले मज्जातंतू मज्जारज्जूत शिरतात त्याच जागी औषध पोचवून ती भरती अडवली जाते.

मग नुसते दार लावून का भागत नाही? मोठ्या माणसाचे आंत्रगळाचे किंवा पायाचे काम नुसत्या पाठीतल्या भुलीवर होते, तसे मुलाचे का करू नये? याला तीन कारणे आहेत. पहिले अगदी उघड आहे : दोन वर्षांचे मूल अनोळखी दिव्यांखाली, अनोळखी माणसांत दीड-दोन तास निश्चल पडून राहणार नाही. दुसरे कारण आतड्यांच्या रचनेत आहे. पोटाच्या कातडीची आणि स्नायूंची सारी बातमी मज्जारज्जूतून जाते, पण आतड्यांचा एक धागा वेगळ्याच वाटेने जातो. व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूच्या तळापासून निघून मानेतून, छातीतून थेट पोटात उतरतो. पाठीतली भूल त्याला शिवत नाही. शल्यविशारद आतडे बाहेर ओढतो तेव्हा या तंतूवाटे मळमळ, अस्वस्थता आणि कधी नाडी मंदावणे, असे प्रकार होतात. तिसरे कारण श्वासाचे. आतडी तुंबलेल्या मुलाच्या पोटात पित्त आणि अन्न साठलेले असते. ते उलटून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते, म्हणून श्वासनळीत नळी घालून तो मार्ग सुरक्षित करावा लागतो. आणि त्यासाठी मूल निजलेलेच असावे लागते.

उलट, नुसती झोप देऊन काम करायचे म्हटले तर ती फार गाढ द्यावी लागते, किंवा तिच्या जोडीला मॉर्फिन, फेंटानिल अशी अफूच्या जातीची औषधे भरपूर द्यावी लागतात. गाढ झोपेने रक्तदाब उतरतो. अफूच्या जातीची औषधे तान्ह्या मुलाचा श्वास मंद करतात, आणि आतड्यांची हालचालही थांबवतात. जुन्या काळी जुलाब थांबवायला अफूची गोळी देत, हे आपल्या आजीला माहीत असते. ज्या आतड्यांवर आताच टाके घातले आणि जी लवकर चालू व्हावीत म्हणून सारी खटपट, त्यांनाच आपण कुलूप लावायचे काय?

दोन्ही रीती एकत्र आणल्या की हा पेच सुटतो. दार लावलेले असल्यामुळे झोप हलकी पुरते. झोप हलकी असल्यामुळे मूल लवकर जागे होते, स्वतः श्वास घेऊ लागते. आणि जागे झाल्यावरही बधिरता काही तास टिकत असल्यामुळे डोळे उघडताच वेदनेचा पहिला तडाखा बसत नाही.

प्रत्यक्षात काय करतात

आता क्रम सांगतो. मूल तुंबलेल्या पोटाने आलेले असेल तर प्रथम शिरेतून पाणी व क्षार देऊन त्याचे सुकलेले शरीर भरून काढतात, नाकातून पोटात नळी घालून साचलेले पित्त ओढून घेतात. ही तयारी न करता घाईने भूल देणे धोक्याचे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत मुलाला अन्न सहा तास, आईचे दूध चार तास आणि स्वच्छ पाणी निदान एक-दोन तास आधी बंद करायला सांगतात. "रडते म्हणून एक घोट दूध पाजले" असे झाले असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, लपवू नये.

मग वायू हुंगवून किंवा शिरेतून औषध देऊन मुलाला निजवतात आणि श्वासनळीत नळी घालतात. नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू आणि उच्छ्वासातील वायू यंत्रांवर अखंड दिसत असतात. यानंतर मुलाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतात. ढुंगणाच्या वर, माकडहाडाच्या अलीकडे, पाठीच्या कण्याच्या तळाशी एक छोटे भोक असते. मोठ्या माणसात ते सापडणे कठीण, मुलांत बोटाला सहज लागते. त्यातून बारीक सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत औषध सोडतात. सुई मज्जारज्जूत जात नाही. नवजात बालकाचा मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत उतरलेला असतो, पुढे वाढीबरोबर तो पहिल्या मणक्याच्या आसपास येतो. सुईची जागा त्याच्या बरीच खाली असते. मात्र मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची पिशवी लहान मुलात जरा खालपर्यंत येते, म्हणून सुई फार पुढे सारायची नाही, एवढा संयम हाताला हवा.

औषध बहुधा ब्युपिव्हाकेन हे असते. १९५७ साली स्वीडनमध्ये ते तयार झाले. त्याचा हिशेब आपणही करून पाहावा. पाव टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरात अडीच मिलिग्रॅम औषध असते. दहा किलो वजनाच्या मुलाला किलोमागे एक मिलिलिटर दिले तर दहा मिलिलिटर झाले, म्हणजे पंचवीस मिलिग्रॅम. आणि एका वेळची मर्यादा किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे नेमके पंचवीसच! औषध आणखी वर, बेंबीच्याही वर चढवायचे असेल तर मात्रा वाढवता येत नाही. द्रावण पातळ करून त्याचा आकार वाढवावा लागतो. मुलाचे नेमके वजन डॉक्टर पुन्हा पुन्हा का विचारतात, ते यावरून लक्षात येईल.

तळातून दिलेली एक मात्रा साधारण चार ते सहा तास पुरते. मोठी शस्त्रक्रिया असेल तर एक केसासारखी बारीक नळी आतच ठेवून दोन-तीन दिवस थेंबथेंब औषध देता येते. तान्ह्या मुलाच्या त्या पोकळीतील चरबी सैल असते, त्यामुळे तळातून घातलेली नळी थेट छातीच्या पातळीपर्यंत सरकवता येते. दक्षिण आफ्रिकेतील बोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हे दाखवून दिले. हिर्शस्प्रुंगच्या विकारात १९९८ पासून पोट न उघडता खालूनच रोगट आतडे ओढून काढण्याची पद्धत आली. अशा कामाला तळातील भूल विशेष सोयीची पडते.

आणखी एक निसर्गाची मेहेरबानी सांगितली पाहिजे. मोठ्या माणसाला पाठीतून भूल दिली की रक्तदाब एकदम उतरतो. सहा-सात वर्षांखालच्या मुलांत, शरीर सुकलेले नसेल तर, तो फारसा उतरत नाही. जी रीत आजीला नाजूक जिवासाठी भारी वाटते, ती या बाबतीत नातवाला आजीपेक्षा सोपी जाते!

आतड्यांना काय लाभ

आतड्यांवर दोन प्रकारच्या मज्जातंतूंची सत्ता चालते. एक प्रकार लगाम खेचणारा, दुसरा चाबूक मारणारा. लगामाचे तंतू मज्जारज्जूच्या छाती-कमरेच्या भागातून निघतात. चाबकाचे काम मुख्यतः मघाशी सांगितलेला व्हेगस करतो. वेदना आणि भीती यांनी लगाम खेचला जातो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर आतडी स्तब्ध होतात, पोट फुगते, दूध पाजता येत नाही. औषध छातीच्या पातळीपर्यंत पोचवून दिलेली विभागीय भूल वेदनेबरोबर हा लगामही सैल करते आणि चाबकाला हात लावत नाही. त्यामुळे आतडी लवकर चालू लागतात. मोठ्या माणसांत हा लाभ पुष्कळ प्रयोगांनी सिद्ध झाला आहे. आतडी जोराने आकसून टाके उसवतील अशी जुनी धास्ती होती. मोठ्यांवरील प्रयोगांत तसे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मुलांवरील प्रयोग संख्येने थोडे आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण वेदना कमी होणे आणि अफूच्या जातीची औषधे कमी लागणे, हे दोन लाभ मुलांतही स्पष्ट दिसतात.

कोठे करू नये

कोणतीही रीत सर्वांसाठी नसते. आतडे फुटून विष अंगात भिनले असेल, मूल धक्क्याच्या अवस्थेत असेल, रक्त गोठत नसेल, किंवा सुईच्या जागी गळू वा संसर्ग असेल, तर पाठीतली भूल टाळतात. आणि एक इशारा फार महत्त्वाचा आहे. ज्या मुलांना जन्मतः गुदद्वार नसते, त्यांच्यापैकी पुष्कळांत माकडहाडाजवळच्या मणक्यांतही दोष असतो आणि मज्जारज्जू खाली अडकलेला असू शकतो. तेथे तपासणी न करता सुई घालणे म्हणजे अंधारात पाऊल टाकणे. अशा वेळी ध्वनिलहरींच्या यंत्राने कणा पाहून घेतात, नाहीतर पाठीला हात न लावता पोटाच्या भिंतीच्या थरांत औषध सोडतात. या दुसऱ्या रीतीने कातडी व स्नायू बधिर होतात. आतड्यांची ओढ मात्र तिने थांबत नाही.

धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. औषध चुकून रक्तात गेले तर झटके येऊ शकतात, हृदय बिघडू शकते. म्हणून सुई घातल्यावर रक्त येते का ते पाहतात, औषध थोडे थोडे आणि सावकाश देतात, नजर हृदयाच्या आलेखावर ठेवतात. यावरचा उतारा म्हणून स्निग्ध पदार्थाचे एक दुधाळ द्रावण १९९८ नंतरच्या संशोधनातून हाती आले आहे. ते शस्त्रक्रियेच्या खोलीत तयार असावे. राहता राहिली अर्धांगाची भीती. फ्रान्स व बेल्जियममधील डॉक्टरांनी १९९६ साली मुलांना दिलेल्या २४,४०९ विभागीय भुलींचा ताळा मांडला. बहुतेक मुले त्या वेळी हलक्या झोपेत होती. त्यांत २३ वेळा काही गुंतागुंत झाली, पण एकाही मुलात ती कायमची राहिली नाही. पुढे २०१८ साली अमेरिकेतून एक लाखाहून अधिक भुलींची नोंद प्रसिद्ध झाली. तिच्यातही कायमचा मज्जादोष एकही नव्हता.

झोपेच्या औषधाने मुलाच्या बुद्धीवर परिणाम होईल काय, असेही आता आईबाप विचारतात. सात देशांतील सातशेवर तान्ह्या मुलांवर आंत्रगळाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी याचा प्रयोग झाला. निम्म्यांना संपूर्ण भूल, निम्म्यांना जागेपणी नुसती पाठीतली भूल. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांच्या वयात दोन्ही गटांची बुद्धी सारखीच भरली. ही भूल तासाभराच्या आतबाहेरची होती. लांबलेल्या किंवा वारंवारच्या भुलीला हा निर्णय जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आतडे आवळलेले असताना भुलीच्या भयाने शस्त्रक्रिया लांबवणे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आजीला उत्तर

तेव्हा आजीला आपण काय सांगायचे? असे सांगू की, "आजी, दोन भुली म्हणजे दुप्पट ओझे नव्हे. एकटी दिली असती तर जी जड द्यावी लागली असती, ती आता अर्ध्या वजनाने देतो, आणि उरलेले ओझे दुसरी उचलते. नातू झोपेल तो थोडाच, पण त्याच्या पोटाची हाकाटी त्याच्यापर्यंत पोचणार नाही."

आणि आईबापांनी डॉक्टरांना काय विचारावे? मुलांना भूल देण्याचा सराव कोणाला आहे? कणा तपासला आहे काय? शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री मुलाजवळ कोण बसणार, श्वास आणि नाडी कोण पाहणार? पाठीत नळी ठेवली असेल तर तिची देखभाल कोण करणार? हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. ज्या रुग्णालयात रात्री लक्ष देणारे माणूस नाही, तेथे नळी ठेवण्यापेक्षा एकच मात्रा दिलेली बरी, हे जाणता डॉक्टर स्वतःच सांगेल.

तान्हे मूल बोलत नाही. हलत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असे समजण्याची चूक शास्त्राने एकदा केली आणि तिची किंमत कित्येक बालकांनी मोजली. ती पुन्हा होऊ नये यासाठी डॉक्टरांइतकेच बाहेर उभ्या असलेल्या आईबापांनीही जागे राहिले पाहिजे. यापुढे आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी वेळ आली आणि डॉक्टर "दोन्ही" म्हणाले, तर घाबरून मागे सरू नका. पुढे होऊन चार प्रश्न विचारा, उत्तरे समजून घ्या आणि मगच सही करा.